चौथा मॉनिटर

मला तीन हवे होते. हे आधीच सांगते, कारण आमच्याकडं येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या टेबलाकडं बघून विचारायचा, एवढे चार चार टीव्ही कशाला? आणि मी तोंड उघडायच्या आत घरातलं दुसरंच कुणीतरी उत्तर द्यायचं. ते टीव्ही नव्हते, मॉनिटर होते. आणि चार मी मागितले नव्हते.

मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करते. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी फुलं काढते. फूल काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. ते फूल धाग्यात बसवावं लागतं. कॉम्प्युटरवर चौकटीचा कागद उघडायचा, त्यातलं एक घर म्हणजे एक धागा. कुठलं घर भरायचं आणि कुठलं मोकळं सोडायचं हे मी ठरवते, आणि त्याबरहुकूम मागावरचं जकार्ड नावाचं यंत्र धागे उचलतं. एक घर चुकलं की ती चूक प्रत्येक टॉवेलवर त्याच जागी उमटते. विणून झाल्यावर खोडरबर चालत नाही.

हे काम मी वर्षानुवर्षं एका जुन्या, चौकोनी, कडेला पिवळट पडलेल्या मॉनिटरवर केलं. मोठं करायचं, घरं भरायची. लहान करायचं, पूर्ण टॉवेल बघायचा. परत मोठं करायचं, मघाचं घर शोधायचं, ते सापडेपर्यंत गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो उघडायचा, की झालं, आपण कुठं होतो तेच विसरायचं. दुपारपर्यंत मान लाकडासारखी व्हायची. तीन मॉनिटर म्हणजे ही सगळी उठाठेव संपली असती. एकावर मोठी केलेली घरं, एकावर अख्खा टॉवेल, एकावर गिऱ्हाइकाचा नमुना. कुणी शिंप्याला विचारत नाही, कात्री असताना सुई कशाला म्हणून. मला मात्र विचारतात.

कारण मी घरी बसून काम करते. या 'बसून'चा मला मनापासून राग आहे. नवरा कारखान्यात जातो, दीर बँकेत जातो, समोरची बाई शाळेत जाते, आणि मी बसते. नोकरी गेलेल्या माणसालाही आपल्यात 'घरी बसला' असंच म्हणतात आणि काम करणारीलाही. हळदीकुंकवाला सासूबाई माझी ओळख करून द्यायच्या, तेव्हा म्हणायच्या, ही घरी बसून काहीतरी करते कॉम्प्युटरवर. त्या 'काहीतरी'तला टॉवेल ऐकणाऱ्या बाईच्या घरी दांडीवर वाळत असायचा.

आमचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. नवरा तो बघतो. माझी काही डिझाइनं तिथं विणली जातात, बाकीची बाहेरच्यांसाठी. नवरा तसा शांत माणूस आहे. आवाज चढवत नाही, हात उगारणं तर लांबच. त्यामुळं त्याच्यावर रागावलं की मीच कजाग ठरते.

मॉनिटर आणायला आम्ही दोघं नवी पेठेत गेलो. काय हवं ते मी महिनाभर वाचून, विचारून पक्कं केलं होतं. दुकानदारानं मला खुर्ची दिली आणि बोलायला नवऱ्याला घेतलं. साहेब, गेमिंगसाठी की ऑफिससाठी? नवरा म्हणाला, हिच्यासाठी. हे ऐकून दुकानदारानं एक भलामोठा वाकडा मॉनिटर पुढं केला, धनुष्यासारखा वळलेला. वहिनींना हा आवडेल म्हणाला, लेटेस्ट आहे.

मी म्हटलं, मला सरळ हवा. टॉवेलची किनार मागावर सरळ विणली जाते. इथं ती वाकडी दिसली तर मी ती सरळ करायला जाईन आणि होती ती बिघडवून ठेवीन. तो हसला आणि नवऱ्याला म्हणाला, मॅडमचा जरा गैरसमज झालाय, डोळ्याला सवय होते. माझ्या डोळ्याला कशाची सवय होते हे तो माझ्या नवऱ्याला सांगत होता.

मग मी पेनड्राइव्ह काढला. त्यात माझा मरून रंग होता, सोलापुरी चादरीचा असतो तो. म्हटलं, हा रंग तुमच्या सगळ्या मॉनिटरवर एकदम लावा. लावला. एकावर जांभळा दिसला, एकावर विटकरी, एकावर तर वाळलेल्या मिरचीसारखा. एवढं डोळ्यांनी दिसत असताना तो म्हणाला, तीन वेगवेगळे घ्या ना, व्हरायटी राहील. मी गिऱ्हाइकाला कुठला मरून पाठवायचा? जांभळा की मिरचीचा? एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, न चमकणाऱ्या काचेचे, त्यातला एक उभा फिरवता येणारा, असे तीन मी शेवटी निवडले. तिन्ही शेजारी शेजारी लावून, मरून जुळतोय हे बघूनच उठले. खोकी बांधताना दुकानदार म्हणाला, साहेबांची चॉइस एकदम प्रोफेशनल आहे. नवरा नुसता हसला. नाही म्हणाला नाही.

रिक्षातून खोकी उतरवली तर दारात सासरे उभे. त्यांना मी मामा म्हणते. धरणाकाठच्या गावात त्यांचं आयुष्य गेलं, केळीचं रान दुसऱ्याला कसायला देऊन इकडं राहायला आलेत. माणूस मायाळू. पण ताटात तीन चपात्या वाढल्या तर अर्धी मोडून परत टाकणारा. त्यांनी खोकी मोजली आणि उंबऱ्यात हात आडवा धरला. तीन तिगाडा, काम बिगाडा. दोन आणा न्हायतर चार आणा, तीन आत यायचे न्हाईत.

भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हटलं, मामा, टेबलावर एक सुपारी ठेवते, म्हणजे झाले चार. आपल्यात असंच करतात की, तीनाला जोड म्हणून सुपारी नाहीतर खडा ठेवतात. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची चेष्टाच करत होते.

"सुपारी काय मॉनिटर हाय व्हय?" ते म्हणाले.

खोकी ओट्यावर उन्हात. मी तापलेली, मामा तापलेले. नवऱ्यानं त्याच्या स्वभावाला धरून मधला मार्ग काढला. परत रिक्षा केली आणि चौथा घेऊन आला. लहानसा, चकचकीत काचेचा, वेगळ्याच कंपनीचा. मरून त्यावर काळा दिसत होता. माझ्या कॉम्प्युटरला वायरी तीनच लागत होत्या, त्यामुळं चौथा जोडायलाही येत नव्हता. असू दे की, नवरा म्हणाला, शोभेला. चारही उंबऱ्याच्या आत आले. मामांनी त्यांना हळदकुंकू लावलं.

चार दिवस मी सुखात होते, हे मान्य केलं पाहिजे. डावीकडं उभा मॉनिटर, त्यात वरपासून खालपर्यंत अख्खी चादर. समोर घरं. उजवीकडं नमुना. मान हलवली की दिसायचं, हात हलवावा लागत नव्हता. मला वाटलं, आता हे टेबल माझं झालं. टेबलामागं भिंतीशी तो चौथा, सासूबाईंनी विणलेल्या रुमालाचं झाकण घालून.

एका सकाळी अंघोळ करून आले तर झाकण घडी करून ठेवलेलं आणि चौथा चालू. नवऱ्यानं त्याला घरातला जुना लॅपटॉप जोडला होता. पडद्यावर चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत आमचा कारखाना. माग, बांधलेल्या मालाच्या गाठी, दार, शिलाईच्या बायका बसतात तो कोपरा. कॅमेरे बसवल्याचं मला माहीत होतं. फोनवर दिसतात असं तो म्हणाला होता. आता म्हणाला, मी दिवसभर सुताच्या मागं फिरतो, फोन कुठवर बघू. तू जरा नजर ठेव.

मी म्हटलं, मला काम असतं.

"अगं, तू बसलेलीच असतीस की," तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तो पायात चपला सरकवून निघालाही होता, आणि मामा शेजारी उभं राहून खूश होऊन म्हणत होते, बघा, चौथ्याचा उपेग झाला का न्हाय.

कधी हलणाऱ्या चित्रासमोर बसून धाग्यांची घरं भरून बघा. नाही बघायचं म्हटलं तरी डोळा तिकडंच जातो. माग हलतोय, माणूस गेला, दार उघडलं. त्यात नवऱ्याचे फोन. दोन नंबरचा माग बंद का दिसतोय? कोपऱ्यात बसून राहिलेली शिलाईची ती बाई उठली का? तिला मशीनवर जायला सांग जॉबरला. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा आणि कामगारांवर लक्ष ठेवणारा आमचा माणूस. नवऱ्यानं मला फोन करायचा, मी जॉबरला करायचा, आणि जॉबरनं तिथंच चार पावलांवर बसलेल्या बाईला सांगायचं. उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं? आणि त्या उंटावर बसवली होती मला.

त्याच आठवड्यात लग्नातल्या आहेराच्या टॉवेलचं काम होतं. टॉवेलटोपीतल्या टॉवेलवर वधूवरांची नावं आणि वर 'शुभ विवाह'. मी घरं भरली, फाईल पाठवली, नमुना विणून आला. त्यावर लिहिलं होतं 'शुभ ववाह'. वेलांटीची घरं भरायचीच राहिली होती. वेलांटीपाशी पोचले असताना फोन आला होता की दार कुणी उघडं ठेवलंय बघ, हे मला लख्ख आठवत होतं. नशीब नमुन्यावरच सापडलं. मी इतकी वर्षं हे काम करते, माझ्या हातून एवढी ढोबळ चूक कधी झाली नव्हती.

मामांनी टॉवेल वाचला आणि मान हलवली. मी सांगितलं हुतं, म्हणाले, कामाचे शेवटी तीनच हायत नव्हं, चौथा काय तुझ्या कॉम्प्युटरला न्हाय. तीनानं घात केला. मी ज्याच्यामुळं चुकले त्याला सोडून त्यांनी माझ्या तिघांना आरोपी केलं. नवरा म्हणाला, जाऊ दे, होतं असं, तुझं लक्ष हल्ली लागत नाही कामात.

खरं सांगते, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळली आणि कणकेला बुक्क्या घातल्या.

वेलांटी घालून दुरुस्त केलेला नमुना बघायला मी स्वतः कारखान्यात गेले. पूर्वी मी गेले की शिलाईच्या बायका हाक मारायच्या, वैनी, हे बघा तुमचं फूल. त्या दिवशी कुणी वर बघितलं नाही. सगळ्या खाली मान घालून मशीनी चालवत होत्या. आधी मला कळेना, मग वर बसवलेला कॅमेरा दिसला आणि कळलं. त्यांना माहीत होतं की घरी कोण बघतंय. जॉबर प्रत्येक निरोप देताना म्हणायचा, वैनींचा फोन आहे.

कोपऱ्यातली ती बाई, जिच्यासाठी सारखे फोन यायचे, तरुण होती. घरात तेलुगू बोलणारी, मराठी तुटक. तिचं तान्हं मूल दोन गाठींमध्ये टॉवेलच्या झोळीत झोपलं होतं. मी मुलाकडं बघून हसले. ती उठून माझ्याजवळ आली, आणि मशीनींच्या आवाजात मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "वैनी, पोराला पाजताना तेवढं बघू नका ना. मी लवकर उठते."

ती माझ्यावर रागावली नव्हती, विनंती करत होती. तिला वाटत होतं की ती पाजायला बसली की मी घरातून बघते आणि उठवायला फोन करते. आणि नाही कसं म्हणू? ती उठली का, हे मीच तर विचारत होते. पडद्यावर ती पाठमोरी दिसायची, वाकलेली, आणि मला वाटायचं फोन बघत असेल. माझी मुलगी तान्ही असताना मी दुसऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडली, ती तिला पाजायला तिथं आडोसा नव्हता म्हणून. त्या वेळी मी ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या खुर्चीत आता मला आणून बसवलं होतं, आणि बसवणारे माझेच लोक होते. मला नवऱ्याचा राग आला, मामांचा आला, त्या दुकानदाराचासुद्धा आला, आणि त्या सगळ्यांहून जास्त त्या चकचकीत काचेचा आला.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. कोपऱ्यातला कॅमेरा काढा, तिथं बायका लेकरांना पाजतात. त्यानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, तुझं बरोबर आहे, पण तोच कोपरा बघावा लागतो, तिथंच त्या बसून राहतात. कोण पाजायला बसलंय आणि कोण नुसतं बसलंय हे आपल्याला कसं कळणार? मी म्हटलं, कळायचं कशाला? तो म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतेस, कारखाना असा चालत नाही. मी म्हटलं, मग मी बघणार नाही. आजपासून त्या पडद्याकडं तोंड करणार नाही. मी आवाज चढवला होता. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली.

तो शांतपणे म्हणाला, नको बघू, उद्या मी बघतो.

आणि खरोखर दुसऱ्या दिवशी तो घरी थांबला. सकाळी माझ्या खुर्चीत बसला, माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवला, माझे तिन्ही मॉनिटर बंद केले, उजेड डोळ्यावर येतो म्हणून, आणि चौथ्याकडं बघत बसला. मला काम करायला जागाच राहिली नाही. आहेराच्या टॉवेलचा पहिला गठ्ठा त्या दिवशी निघणार होता. मी नुसतं सांगितलं, बाहेर जाते, आणि रिक्षा करून कारखान्यात गेले.

आत धाग्याचं तूस उडतं, केसांत जाऊन बसतं, म्हणून तिथल्या बायकांसारखा मीही पदर डोक्यावरून घेतला. टॉवेल बघितले. वेलांटी जागेवर होती. कोपऱ्यात ती मशीनवर होती आणि मूल झोळीत किरकिरत होतं. ती उठत नव्हती. एकदा वर कॅमेऱ्याकडं बघायची, एकदा झोळीकडं, आणि पाय मशीनवरून काढायची नाही. मी जाऊन मशीन बंद केली. तिला म्हटलं, पाज त्याला. ती गाठीला टेकून भिंतीकडं तोंड करून बसली, आणि मी तिच्या मागं, कॅमेऱ्याकडं पाठ करून, तिला आडोसा होईल अशी बसले. फरशी गार होती. तिनं मुलाला पदराखाली घेतलं. मूल घाईघाईनं प्यायला लागलं, मग सावकाश.

थोड्या वेळानं जॉबर आला. कानाला फोन, चेहरा पडलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला आणि कुणाकडं बघावं हे त्याला कळेना.

मी विचारलं, काय झालं?

"मालकांचा फोन हाय," तो म्हणाला. "म्हणत्यात, कोपऱ्यातली ती हिरव्या लुगड्यातली बाई कवाधरनं नुसती बसलीया, कोण हाय ती, तिला उठवा."

हिरवं लुगडं माझं होतं. ते त्यानंच मला दिवाळीला आणलं होतं. फोनमधून त्याचा आवाज बारीक ऐकू येत होता, तोच शांत आवाज, उठली का, उठली का, असं विचारणारा. माझ्या आडोशाला मूल अजून पीत होतं. जॉबरनं फोन माझ्यापुढं धरला. मी तो घेतला नाही, आणि उठलेही नाही.